बोनेटच्या पलीकडे

१

बोनेटखाली हात असताना आत सीटवर कोण बसलंय ते ठाऊक पाहिजे. झुंबर मिस्त्रीनं धंद्यात एवढा एकच नियम पाळला, बाकीचे सगळे मोडले.

अँबॅसडरचं बोनेट वर केलं की पुढची सगळी काच झाकली जाते. इंजिनाशी उभा असलेल्याला सीटवरचा दिसत नाही, सीटवरच्याला इंजिनाशी उभा असलेला दिसत नाही. मधे पत्र्याची भिंत. आणि करंट तपासायचा तर काम दोन माणसांचं. एकानं वायर धरून उभं राहायचं, दुसऱ्यानं आत बसून सेल्फ मारायचा. फार मागं, तारापूरचा प्लांट उभा राहत होता आणि झुंबर नगरकडून येऊन कंत्राटदाराच्या जीपा दुरुस्त करत होता, तेव्हा आत बसलेल्या एका घायकुत्या माणसानं हाक यायच्या आधीच चावी फिरवली. पंख्यानं झुंबरच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यातून नेलं.

त्यानंतर त्यानं सीटवर परक्या माणसाला बसवलं नाही. बसायची ती सोजराबाई, त्याची बायको. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. मांडीवर तांदळाचं सूप घेऊन ती आत बसायची आणि खडे निवडायची. रस्त्यावरच्या शेडमधे चार बाप्यांसमोर ओरडून उत्तर द्यायला तिला लाज वाटे. म्हणून तिनंच तोड काढली. "तुमी वरडा, मी वाजवते." झुंबर म्हणणार, "मार!" ती हॉर्नची एक टिचकी देणार, म्हणजे ऐकलं. मग चावी फिरवणार. टिचकी आधी, चावी मागनं. टिचकीला जरा उशीर झाला की तो पलीकडून खेकसायचा, "मार गं! झोपलीस का मेलीस?" आणि पॉप करून हॉर्न वाजायचा.

गेल्या थंडीत तिच्या छातीत कफ धरला आणि ती गेली. तेव्हापासून चिंचणी रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडमधे झुंबर एकटा होता. गिऱ्हाइकाशी भांडण एवढंच काय ते बोलणं, आणि आता गिऱ्हाइकंही कमी झाली होती.

२

दांडी गावच्या धर्माजीनं सकाळी टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत आणली. काळी अँबॅसडर, खाली खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्लेला.

"गरम जाली का मरते, मिस्त्री," धर्माजी म्हणाला. "खाडीच्या बांधावर नेमकी. मग थंड जाली का आपली आपण उठते."

"आपली आपण कशी उठेल? चावी मारली की उठते असं म्हण."

धर्माजी हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. "तसंच म्हणा," म्हणाला.

झुंबरनं बोनेट उचलून आत डोकं घातलं. कॉइलचं डोकं तडकलं होतं. कॉइल म्हणजे मुठीत मावेल एवढा डबा, बॅटरीचा बारका करंट मोठा करून ठिणगी पाडणारा. तडकीतून तेल पाझरून खाली काळा ओघळ आला होता. "कॉइल मेली. गरम झाली की करंट सोडते. काढून नवी टाकतो, आहे माझ्याकडं." मग त्यानं दार उघडून सीटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "आणि ही ओली कशानं रे? मासळी पुढं टाकतोस काय?"

"मासळी मागं, डिकीत. पुढं आमी टॉवेल टाकून बसतो. सुकतच नाय ती सीट."

"ऊन दाखव तिला."

"दाखवलाय." धर्माजीनं चावी झुंबरच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची मूठ मिटवली. "चावी खिशात ठेवा हां. गाडीत नको. सेल्फ मारायला माणूस लागंल ना तुमाला? थांबू का मी?"

"माझ्या कामाला माणूस लागत नाही."

दुसरा कुणी असता तर एकदा तरी आग्रह केला असता. धर्माजी टेम्पोत चढून बसला, दोर गुंडाळायलाही थांबला नाही. "सकाळी येतो," एवढं ओरडला.

माणूस लागत नाही, हे झुंबरनं धर्माजीपेक्षा स्वतःलाच सांगितलं होतं. त्याची लेक नर्मदा संध्याकाळी पालघरहून येणार होती, उत्तर घ्यायला. मागच्या खेपेला तिनं त्याच्या हाताला फडकं बांधलेलं बघितलं होतं. एका हातानं वायर धरून दुसऱ्या हातानं पान्यानं सेल्फ शॉर्ट करताना पाना निसटून हात भाजला होता. "आबा, एकट्यानं होत नाही तुमच्यानं," ती म्हणाली होती. "एक माणूस ठेवा, नाहीतर शेड मालकाला परत देऊन आमच्याकडं चला." पालघरला दुसऱ्या मजल्यावर त्याला एक खुर्ची मिळणार होती, आणि एक खिडकी. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसत होती.

ही कॉइल त्याला आज एकट्यानं उतरवून दाखवायची होती.

३

दुपारी रस्ता मोकळा झाला. पाळी बदलणाऱ्या कामगारांच्या सायकली निघून गेल्या की त्या रस्त्यावर सुरूच्या झाडांचा आवाज तेवढा राहतो, दूरच्या गर्दीसारखा.

काढण्याआधी एकदा ठिणगी बघून घ्यावी म्हणून झुंबरनं कॉइलची मधली जाड वायर डेलकोतून उपटली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ धरलं. डेलको म्हणजे ठिणगी चारी प्लगांना वाटून देणारा डबा. आता डाव्या हातानं पाना घेऊन खाली वाकायचं, एवढंच उरलं होतं. पण इतक्या वर्षांची जीभ, ती आधी सुटली.

"मार!"

घर्र घर्र घर्र करत सेल्फ फिरला. वायरीच्या टोकाला पिवळी, मरतुकडी ठिणगी पडली. पंखा त्याच्या बंडीपासून वीतभर अंतरावर फिरून थांबला.

झुंबर मागं सरला तो पाठीमागच्या टेबलावरच आदळला. "कोण रे तो भडव्या?" म्हणत तो गाडीला वळसा घालून गेला. दार बंद, काच वर. आत कुणी नाही. चावी त्याच्या खिशात होती.

तो काही देवभोळा माणूस नव्हता. सोजराबाई होती तोवर देवही तीच बघायची. सोलनॉइड, म्हणजे सेल्फला करंट सोडणारी कळ, चिकटला असणार, त्यानं ठरवलं. समुद्राकाठची गाडी, खाऱ्या हवेनं आतले पॉइंट चिकटले, सेल्फ फिरला. असं होतं. जीपमधेही एकदा झालं होतं. झालं ते बरंच झालं, पान्याचा त्रास वाचला. ठिणगी पिवळी म्हणजे कॉइल नक्की मेलेली.

बिडी पेटवता पेटवता त्याच्या ध्यानात आलं. सोलनॉइडनं सेल्फ फिरेल. पण चावी बंद असताना कॉइलला करंट जातोच कुठं? ठिणगी पडली कशी?

बिडी विझली. त्यानं ती परत पेटवली नाही.

"आणि हॉर्न कोण देणार?" तो गाडीवरच खेकसला, कारण शेडमधे खेकसायला दुसरं कुणी नव्हतं. "टिचकी आधी, चावी मागनं. काय? बोट गेलंय माझं!"

गाडी गप्प उभी होती. ताडाच्या शेंड्यावर कावळा ओरडला.

४

त्यानं बॅटरीची दोन्ही टर्मिनलं सोडली आणि वायरी लांब वळवून ठेवल्या. आता जगात कुणाला सेल्फ फिरवता येणार नव्हता. मग कॉइलच्या डोक्यावरचे दोन बारके नट काढून त्यांच्या वायरी मोकळ्या केल्या. एकीला चिंधी बांधली, परत लावताना उलटसुलट व्हायला नकोत म्हणून. पट्टीचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. त्यांवर रॉकेल सोडून तो वाट बघत बसला.

तेव्हा नवसी रस्त्यानं आली. ही बाई वाणगावकडच्या पाड्यावरची. डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी घेऊन रोज चिंचणीला जायची आणि परतताना शेडच्या सावलीला टेकायची. झुंबरला ती अरेतुरे करायची आणि त्याला ते चालायचं, कारण उरलेले गोळे ती त्याला द्यायची.

"मिस्त्री, भावूस आलाय काय रं तुजा?"

"कसला भाऊ? मला भाऊ नाही."

"मंग तो कोन? गाडीत बसलाय तो?" तिनं हनुवटीनं दाखवलं. "तुज्यासारकाच हाय. डोकं बी तसंच, नारलावानी."

झुंबर उठला नाही. रॉकेलच्या बाटलीला बूच लावत म्हणाला, "काचेत मीच दिसलो असेन तुला. का ताडी जास्त झाली?"

"ताडी सकालची उतरली कवाच." नवसी पाटी सावरत अजून तिकडंच बघत होती. एरवी ती सावलीला बसून दोन घटका त्याची टर उडवायची. आज बसली नाही. दोन ताडगोळे टेबलावर ठेवले आणि चालायला लागली. थोडी लांब गेल्यावर वळून म्हणाली, "त्याला बी दे एक. तोंड सुकलाय त्याचा."

सावली लांब होईपर्यंत झुंबर बसून राहिला. मग उठला आणि पाना लावला. बोल्ट करकरला, सुटला. दुसराही सुटला. कॉइल पट्टीतून निघून त्याच्या हातात आली. सकाळपासून गाडी थंड उभी होती, पण कॉइल कोमट होती. अंगावरून नुकतंच काढलेलं कापड असतं तशी.

बॅटरी सुटलेली, कॉइल हातात, चावी खिशात. असं असताना कुणी बोलूच नये. गप नवी कॉइल बसवावी आणि मोकळं व्हावं.

पण शेड फार शांत होती. झुंबर इंजिनासमोर उभा राहिला, समोर बोनेटचा काळा पत्रा, आणि ह्या खेपेला त्यानं जाणूनबुजून, हळू आवाजात म्हटलं, "मार."

पॉप.

हॉर्नची एक टिचकी. तीच, बारकी, लाजल्यासारखी.

आणि मग इंजिन चालू झालं.

५

घर्र नाही, धडधड नाही. कॉइल नसलेलं इंजिन असं चाललं की झुंबरनं उभ्या जन्मात तसं ऐकलं नव्हतं. धार काढताना चरवीत दूध पडतं तसा आवाज. पंख्याचा वारा त्याच्या तोंडावर येत होता आणि वाऱ्याला खाडीच्या चिखलाचा वास होता.

बोनेट आणि काचेखालच्या पत्र्याच्या मधे एक फट असते. हाताच्या पंजाएवढी. वाकलं तर तिच्यातून स्टिअरिंग दिसतं, स्टिअरिंगवरचे हात दिसतात. झुंबर वाकायला गेला आणि थांबला. दुपारचं त्याला आठवलं. गेलो, बघितलं, आणि कुणी नव्हतं. बघितलं की कुणी नसतं. न बघितलं तर आहे.

त्यानं मान वर घेतली.

"सोजरे," तो पत्र्याला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही, इतका मऊ निघाला. "तांदूळ संपलेत गं. आणायचे ऱ्हायलेत. मी खडे तसेच खातो."

इंजिन चालत राहिलं.

"नर्मदी न्यायला येतीये. मी जाणार नाही म्हणतोय. तिथं मला कुणाशी भांडायला मिळायचं नाही."

नवसी भाऊ म्हणाली होती, बाई नव्हे. ते त्याच्या मनाच्या कडेला उभं होतं, दारात उभ्या राहिलेल्या आगंतुकासारखं. त्यानं त्याला आत घेतलं नाही. नियम त्यानंच मघाशी मोठ्यानं सांगितला होता आणि त्यानंतरच टिचकी आली, सोजराबाईला तो सांगावा लागला नसता, हेही त्याला कळत होतं. पण माणसाला जे हवं ते समोर आल्यावर तो हिशेब कशाला तपासेल?

"बस," तो म्हणाला. ती असताना म्हणायचा तसं. इंजिन बंद झालं. आत सीटची स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी अंग सैल सोडून मागं टेकल्यावर कुरकुरते तशी.

६

नर्मदा आली तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं होतं. हातात डबा, कपाळावर घाम. आल्या आल्या तिनं बापाचे हात धरून उलटेसुलटे बघितले.

"भाजलं नाही आज," झुंबर म्हणाला. "कॉइल काढली. ती बघ, टेबलावर."

"नवीपण तिथंच आहे. बसवली नाहीत अजून?"

"बसवीन."

"आबा, मग काय ठरवलंत? शेडमालकाला मी येताना भेटून आले. ह्यांनीही सांगितलंय, आबांची खोली रिकामी करून ठेवतो."

"माणूस ठेव म्हणालीस ना? ठेवलाय."

नर्मदेनं इकडंतिकडं बघितलं. "कोण?"

"आहे एक. सेल्फ मारायला. हुशार आहे. एकदा सांगितलं की पुरे."

"कुठाय?"

झुंबरनं गाडीकडं बघितलं. नर्मदा सरळ गेली आणि तिनं दार उघडलं. त्यानं टेबल धरलं. ती वाकली, आत बघितलं, सीटवर हात फिरवला, पदराला पुसला.

"इथं तर कुणी नाही. आणि सीट केवढी भिजलीय. बसला कोण होता इथं? माणूस बसून उठल्यासारखा खड्डा पडलाय." तिनं वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग बापाकडं बघितलं तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "आबा. आई गेली. तुम्ही इथं एकटे आहात. कुणाशी बोलता तुम्ही दिवसभर?"

"तुझ्या बापाशी!"

"माझा बाप तुम्हीच आहात," नर्मदा म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिनं डबा टेबलावर ठेवला. "मी स्टॉपवर थांबते. शेवटची एस्टी यायची आहे अजून. कुलूप लावून या. नाही आलात तर मी समजेन. पण मग परत विचारायला येणार नाही, आबा. मलाही कंटाळा येतो हो."

ती गेली. स्टॉप शेडपासून हाकेच्या अंतरावर. सुरूच्या झाडांमधून तिचं पिवळं पातळ दिसत होतं. ती रस्त्याकडं बघत नव्हती. शेडकडं बघत होती.

७

जायला पाहिजे, हे झुंबरलाही कळलं. तो असा मठ्ठ नव्हता. कुलूप शोधलं, डबा काखेत धरला. मग वाटलं, निदान सीटवर पोतं टाकून जावं, लोकाची गाडी आहे. पोतं घेऊन दार उघडलं. सीटमधे खरंच खड्डा होता. तो नुसता बघत उभा राहिला आणि का कोण जाणे, डबा बोनेटाशी ठेवून आत बसला.

गार पाणी धोतरातून आत आलं. दार त्यानं ओढलं नव्हतं, पण ते आपल्या वजनानं मिटलं.

इतक्या वर्षांत तो ह्या बाजूला कधी बसला नव्हता, बोनेट उघडं असताना. समोर काळा पत्रा. रस्ता नाही, शेड नाही, माणूस नाही. ऐकू येतं तेही गोधडीतून आल्यासारखं. इथं ती मांडीवर सूप घेऊन बसायची. पलीकडून हाक यायची तेवढाच माणसाचा आवाज. हाक येईपर्यंत काय करायची ती? तांदळाकडं बघत असेल. तिनं कधी सांगितलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही.

"मार."

पलीकडून आलं. बोनेटच्या पलीकडून, इंजिनाशी उभं राहून.

झुंबरचं तोंड मिटलेलं होतं. त्यानं ते हातानं चाचपून बघितलं. आवाज त्याचाच होता. बिडीनं खरवडलेला, नगरी हेलाचा, त्याचा स्वतःचा आवाज. फक्त ओला.

समोर खालच्या फटीतून एक हात दिसला. इंजिनावर वाकलेल्या माणसाचा असतो तसा. पाण्यात राहून पांढराफटक पडलेला. त्यानं जाड वायर धरली होती आणि अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यातून नव्हतं.

स्टॉपकडून एस्टीचा आवाज आला. लांब होती अजून. दाराचं हँडल त्याच्या गुडघ्याजवळ होतं. कॉइल टेबलावर पडली होती, चावी खिशात होती, नर्मदा झाडांपलीकडं उभी होती. उठून पळालं असतं तर म्हाताऱ्या पायांनीही एस्टी मिळाली असती. मग खुर्ची. मग खिडकी.

"मार गं!" पलीकडचा खेकसला. "झोपलीस का मेलीस?"

एस्टी आली. थांबली. इंजिन चालू ठेवून बराच वेळ थांबून राहिली, कुणीतरी कंडक्टरची विनवणी करत असावं तशी. मग गिअर पडल्याचा आवाज आला.

पत्र्यापलीकडं कुणीतरी वायर धरून उत्तराची वाट बघत उभं होतं. झुंबरनं हात उचलला आणि हॉर्नची एक टिचकी दिली.